वाजंत्र्याचा मान

जानेफळात तेव्हा निवृत्ती नावाची माणसं पाच-सहा तरी असतील, पण ‘बँडवाला निवृत्ती’ म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा कडूबाच्या निवृत्तीचंच घर दाखवायचं. आता बँडवाला म्हणजे बँडावर पोट भरणारा, असं समजाल तर फसाल. पोट त्याचं बारा एकर काळ्या रानावर भरायचं, कपाशी आणि ज्वारी. बँड ही त्याची हौस. हौस कसली, खूळच म्हणा. त्याच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, शेजारणींना कधीच सांगून टाकलं होतं, "मले सवत आनली यायनं, थे बी लाकडाची." ही लाकडाची सवत म्हणजे क्लॅरोनेट.

वऱ्हाडचा कारभार नागपूरच्या साहेबाकडून चालायचा त्या दिवसांतली ही गोष्ट. बद्रुद्दीन मास्तर कामठीच्या छावणीत वीस वर्षं पलटणीच्या बँडात कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, फुंकून पेन्शनीत निघाला आणि जानेफळला येऊन त्यानं शिवणयंत्र मांडलं. सदरे शिवायचा, टोप्या शिवायचा, आणि शिवता शिवता ओठ आवळून नुसत्या हवेत फुंकायचा. पलटणीनं मोडीत काढलेली वाद्यं त्यानं येताना सोबत आणली होती, खामगावापर्यंत रेल्वेनं आणि पुढं छकड्यात घालून. दोन क्लॅरोनेट, एक कॉर्नेट, एक पोचे पडलेला मोठा भोंगा आणि कातडं फाटलेला ढोल. एकटा माणूस किती दिवस फुंकणार? गावातली चार माणसं त्यानं गोळा केली आणि दुकानामागच्या गोठ्यात रोज दिवेलागणीला तालीम सुरू झाली.

पहिल्याच दिवशी मास्तरनं कायदा केला. "बीस साल हुकमावर वाजवलं. साहेब म्हनला बजाव, बजाया. आता दिलासाठी वाजवाचं. पैसा नाई, बिदागी नाई, नारळसुद्धा नाई. ज्यानं घेतलं तो गया."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर बँडातल्या कुणब्यांना हा कायदा दुसऱ्याच कारणानं गोड लागला होता. पैसे घेऊन वाजवणं हे वाजंत्र्याचं काम. कोणी चार आणे घेतले असते तर दुसऱ्या दिवशी जातीनं त्याचं पाणी बंद केलं असतं. फुकट वाजवलं की ती हौस, मग तोंड उघडायची कोणाची टाप नाही. असा तो कायदा, अर्धा प्रेमाचा आणि अर्धा भीतीचा. निवृत्तीच्या मनात मात्र निव्वळ प्रेम होतं, हे मी शपथेवर सांगेन.

त्याला सूर कोणी दिला, हे गावात फार थोड्यांना ठाऊक. गावकुसाबाहेर वाजंत्र्यांची चार घरं होती, त्यातला उकंडबा. सनई वाजवावी तर त्यानंच. जानेफळात कोणाच्याही दारी मांडव पडला की पहिला सूर उकंडबाचा, हा त्याच्या बापजाद्यांपासून चालत आलेला हक्क. त्या वाजवण्याचा मानही ठरलेला, एक धोतर, एक नारळ आणि सूपभर शिधा. निवृत्ती पोरसवदा होता तेव्हा ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, माळावर गुरं चारायचा, आणि दुपारच्या वेळी उकंडबा नाल्याकाठी निंबाखाली बसून सनईवर हात फिरवायचा. हा आपला दहा हातांवर बसून ऐकायचा. असं कित्येक दिवस चाललं. मग एकदा उकंडबानंच विचारलं, "शिकाचं हाय काय गा?"

शिकायचं तर होतं, पण उकंडबाच्या तोंडची सनई कुणब्याच्या पोरानं तोंडाला लावायची कशी? बाटला म्हणून बापानं उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. मग उकंडबानं पपईच्या पानाचा पोकळ देठ कापला, त्याला मापून भोकं पाडली, तो जमिनीवर ठेवला आणि मागं सरकला. निवृत्तीनं उचलला. दोन उन्हाळे असे गेले. देठ दोन दिवसांत वाळायचा, मग नवीन कापायचा. उकंडबानं कधी कंटाळा केला नाही आणि कधी काही मागितलं नाही. पुढं वीस-बावीस वर्षांनी बद्रुद्दीन मास्तरनं क्लॅरोनेट हातात दिली, तेव्हा निवृत्तीची बोटं अशी काही जागेवर पडली की मास्तर शिवणकाम विसरून बघत बसला.

बँड पहिल्यांदा वाजला पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली. बैल बुजले, दोन तर थेट नाल्यापर्यंत पळाले, पण माणसं खुळावली. मग गावचे मोठे जमीनदार किसनराव, त्यांनी मुलाच्या लग्नाला बँड बोलावला. पाच गावची माणसं जेवायला होती. बँड झकास वाजला आणि घेतलं काही नाही. झालं, लोकांना रस्ता सापडला. लोक काय कमी हुशार असतात? बँडाला एक छदाम लागत नाही, वर साहेबी थाट, मग वाजंत्र्याला धोतर आणि शिधा कोण देणार? दोन वर्षांत जानेफळात सनईचं असं एक लग्न उरलं नाही.

निवृत्तीच्या हे ध्यानात यायला फार वेळ लागला, आणि त्याचा हा दोष मी झाकणार नाही. वाजवायच्या नादात माणसाला समोरचं दिसत नाही. एका लग्नात बँड मध्यावर आला असताना त्याची नजर मांडवाबाहेर गेली. तिथं उकंडबा उभा होता. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, काखेत फडक्यात गुंडाळलेली सनई. निवृत्तीचा दम तिथंच तुटला. गाणं कसंबसं संपवून तो बाहेर गेला.

"उकंडबा, तुमाले बोलावलं व्हतं?"

"बोलवाची काय गरज, भाऊ? मांडव पडला का म्या येतो. माहा बाप येत व्हता." मग म्हणाला, "तुह्या हाती सूर चांगला बसला. फकत खालचा थोडा उतरते. दम पोटातून घेत जाय."

तक्रार नाही, टोमणा नाही. आईमाईवरून शिव्या दिल्या असत्या तरी निवृत्तीला परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी तालमीत त्यानं विषय काढला की लग्नाला वाजवणं बंद करू. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. एकाच्या लग्नाला वाजवलं आणि दुसऱ्याच्या लग्नाला नाही म्हटलं, तर गावात जन्माची वैरं लागली असती. बरं, पैसे घेऊ म्हणजे लोक आपणच बोलवायचे थांबतील, तर ते जातीत चालणारं नव्हतं. शेवटी निवृत्ती म्हणाला, "मंग उकंडबालेच बँडात घ्या." मास्तरनं शिलाई बाजूला ठेवली. "फनकार आदमी है. आन त्याले. माह्या दुकानात कोन आलं, कोन नाई, हे इचारनारा कोन हाय?"

उकंडबा आला. गोठ्याच्या दारातच उभा राहिला. बँडानं सूर लावला, त्यानं सनई तोंडाला लावली, आणि सगळा विचका झाला. सनईचा सूर बँडाच्या दोन सुरांच्या बरोबर मधोमध. मास्तरनं कॉर्नेटची नळी ओढता येईल तेवढी ओढली. उकंडबानं सनईच्या तोंडच्या तीन पत्त्या बदलून पाहिल्या, एक खरवडून पाहिली. दोघं आपापल्या जागी चोख सुरात, पण एकत्र वाजवायला लागले की गल्लीतली कुत्री रडायला लागायची. तासभर खटाटोप झाल्यावर उकंडबानं सनई फडक्यात गुंडाळली. "नाई जमत, मास्तर. तुमचं पितळ वाकत नाई अन् माह्यं लाकूड वाढत नाई," असं म्हणून हसत गेला. हसत गेला म्हणून निवृत्तीला वाटलं, माणसाला फार लागलं नसावं.

मग निवृत्तीनं आपल्या डोक्यानं एक तोड काढली. ज्याला बँड पाहिजे त्यानं आधी उकंडबाचा मान पोचवायचा. धोतर, नारळ, शिधा, सगळं रीतीप्रमाणं. मान नाही तर बँड नाही. मास्तरला पटलं, बाकीच्यांना पटलं आणि गावालाही पटलं, कारण मान द्यायचा झाला तरी बँडाचा थाट मिळत होताच. निवृत्तीला वाटलं, सुटलो बुवा. महिनाभर तो गावात छाती काढून हिंडला.

पहिलाच प्रसंग किसनरावांच्या पुतणीच्या लग्नाचा. त्यांनी गड्याच्या हाती सूप भरून पाठवलं आणि निरोप दिला, "घे, अन् घरी बस. वाजवाले येऊ नको." गडी ठेवून गेला. उकंडबानं ते सूप जसंच्या तसं उचललं, भर दुपारी सगळ्या गावातून चालत आणलं आणि किसनरावांच्या पायरीशी ठेवून निघून गेला. किसनराव भडकले. माजला म्हणाले, याला गावात पाय ठेवू देणार नाही म्हणाले. निवृत्तीनं कसंबसं त्यांना थंड केलं आणि धावत वाजंत्र्यांच्या घराकडं गेला. उकंडबा अंगणात बसला होता.

"कायले परत केलं, उकंडबा? थो तं तुमचा हक्क हाय."

उकंडबानं मान वर केली. मग म्हणाला, "निवृत्तीभाऊ, तू वाजवल्याचे पैसे काऊन घेत नाई?"

"हौस हाय म्हनून."

"मंग मले हौस नाई काय?"

निवृत्ती अंगणातच खाली बसला.

"थे धोतर वाजवल्याचं व्हतं, भाऊ. न वाजवता घेतलं तं भीक झाली. तुमी सारे हौसेनं वाजवता, अन् म्या काय पोटासाठी वाजवत व्हतो? पोटाले कोनाच्याबी वावरात निंदन-खुरपन हाय. म्या वर्षभर मांडवाच्या दिवसाची वाट पाहातो. तुले दोन उन्हाळे शिकवलं, थे कायच्यासाठी शिकवलं?"

निवृत्ती तिथून उठला आणि घरी न जाता रानात जाऊन बसला. इतकी वर्षं तो धरून चालला होता की हौस आपली आणि पोट त्याचं. त्यानं सुपातल्या ज्वारीचा विचार केला, धोतराचा विचार केला, आणि त्या माणसाला वाजवायला आवडत असेल हे एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की दिवस बुडेपर्यंत तो तिथंच ढेकळं फोडत बसला.

त्यानं बँड सोडला. तुम्ही म्हणाल, बरं केलं. काय बरं केलं? बँड त्याच्यावाचून वाजत राहिला, जरा वाईट वाजला इतकंच, आणि सनईला एकही आमंत्रण आलं नाही. इकडं निवृत्ती तालमीच्या वेळी गोठ्यावरून चार चकरा मारायचा. सव्वा महिना काढला त्यानं. मग एक दिवस मान खाली घालून आत गेला आणि आपल्या जागेवर बसला. मास्तरनं त्याची क्लॅरोनेट पुढं सरकवली.

पण एक गोष्ट त्यानं मनाशी पक्की केली. त्याची लेक पुष्पा लग्नाची झाली होती. बीबी गावच्या इंद्रभान नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाशी तिचं जमलं. सुपारी फुटली त्याच दिवशी निवृत्ती उकंडबाच्या अंगणात जाऊन उभा राहिला. "पुष्पाच्या लग्नाले बँड नाई. तुमी वाजवाचं. दिवस निंगाल्यापासून पोरगी वाटी लागेपर्यंत."

उकंडबानं त्याच्याकडं नीट पाहिलं. "नक्की सांगून राह्यला?"

"नक्की."

पुढचे पंधरा दिवस उकंडबा नव्या पत्त्या कापत होता आणि त्याचा भाऊ डफडं शेकत होता. बँडातली माणसं फुरंगटली, पण मास्तरनं त्यांना गप्प केलं, "उस्ताद का हक है." फक्त वच्छलाबाईनं एकदा विचारलं, "व्याह्याले इचारलं काय?"

"त्यात इचाराचं काय? दार माह्यं, मांडव माहा."

विचारलं नाही. तिथंच गाडी घसरली.

लग्नाच्या दिवशी तांबडं फुटल्यापासून उकंडबा वाजवत होता. काय वाजवलं म्हणून सांगू. दोन वर्षं अडवून ठेवलेलं सगळं बाहेर येत होतं. पाणी भरणाऱ्या बाया घागरी घेऊन तशाच उभ्या राहत होत्या. मास्तर पाहुणा म्हणून आला होता, तो मांडवाच्या खांबाला टेकून डोळे मिटून बसला. पुष्पाला हळद लागत होती आणि निवृत्ती कामाच्या निमित्तानं आतबाहेर करत पुन्हा पुन्हा सनईपाशीच येत होता. आयुष्यात इतका सुखी तो त्या चार-पाच तासांतच होता, असं मला वाटतं.

दुपार कलल्यावर बीबीचं वऱ्हाड गाड्या जोडून आलं आणि रीतीप्रमाणं मारोतीच्या देवळापाशी उतरलं. तिथून नवरदेवाची मिरवणूक, आमच्याकडं तिला परण्या म्हणतात, ती वाजतगाजत मांडवात यायची. निवृत्ती सामोरा गेला. इंद्रभाननं इकडंतिकडं पाहिलं. "बँड कुठी हाय?"

"बँड नाई, व्याही. सनई सांगतली हाय. तुमी आयकून तं पाहा."

"सनई आमच्या बीबीत बी हाय. बँडवाल्याची पोरगी करून राह्यलो म्हनून सांगतलं म्या साऱ्याईले. ही दीडशे मानसं कायले आली? बँड आयकाले आली." इंद्रभान देवळाच्या पायरीवर बसला. "बँड येईन तवा नवरदेव उठन."

निवृत्तीनं हात जोडले. मग डोक्यावरचं पागोटं काढून व्याह्याच्या पायाशी ठेवलं. ते इंद्रभाननं उचलून बाजूला ठेवलं, अपमान न करता, पण ठेवलं. मुहूर्त गोरजाचा आणि ऊन भिंतीवर चढलेलं. किसनराव मधे पडले. त्यांनी निवृत्तीला बाजूला घेतलं. "हळद लागली हाय पोरीले. वऱ्हाड माघारी गेलं तं तिले कोन करन? एका सनईपायी?" दोन्ही वाजू द्या, असं निवृत्तीनं म्हणून पाहिलं. ते कसं जमत नाही हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत होतं? इंद्रभान म्हणाला, "आधी थे सनई बंद करा. अन् क्लॅरोनेट तुमी सोता वाजवाची. तुमचंच नाव आयकून आलो आमी."

निवृत्ती घराकडं आला. दारात पुष्पा उभी होती, हळदीच्या अंगानं, मुंडावळ्या बांधलेली. तिला कोणीतरी सगळं सांगितलं असावं. ती रडत नव्हती, नुसती बापाकडं पाहत होती. वच्छलाबाई तिच्या मागं.

किसनरावांचा गडी सनईकडं निघाला होता. "ए उकंड्या" इथपर्यंत त्याच्या तोंडून आलंही. निवृत्तीनं त्याचा दंड धरला. "थांब. म्या सांगतो."

त्यानं आत जाऊन धोतर घेतलं, नारळ घेतला, सूप भरलं. उकंडबा डोळे मिटून वाजवत होता. निवृत्ती सूप धरून त्याच्यापुढं उभा राहिला. ते गाणं संपेपर्यंत उभा राहिला, मागून बीबीची माणसं खाकरत होती तरी. गाणं संपलं. उकंडबानं डोळे उघडले आणि त्याला पुढ्यातलं सूप दिसलं. निवृत्तीनं ते खाली ठेवलं.

एकच आशा त्याच्या मनात होती. उकंडबा हे घेणार नाही. किसनरावांचं घेतलं नव्हतं, आपलं तर मुळीच घेणार नाही. चारचौघांत आपल्याला बोलेल, सूप लाथाडेल, आणि मग आपल्याला बळ येईल. मग आपण मारोतीपाशी जाऊन सांगू की बँड वाजणार नाही, काय व्हायचं ते होवो. निवृत्ती त्या शिव्यांची वाट पाहत उभा होता.

उकंडबानं सुपाकडं पाहिलं. मांडवाकडं पाहिलं. दारातल्या पुष्पाकडं पाहिलं, आणि तिथं त्याची नजर जरा थांबली. मग त्यानं सनईची पत्ती पुसली, सनई फडक्यात गुंडाळली, खाली वाकून दोन्ही हातांनी सूप उचललं आणि कपाळाला लावलं.

"जाय, भाऊ," तो म्हणाला. "मुहूर्त टळन."

भावाला खुणावून तो घरांच्या मागच्या बाजूनं निघून गेला.

मास्तरनं गोठ्यातून वाद्यं आणवली. मारोतीपुढं बँड उभा राहिला, ढोलावर पहिली थाप पडली आणि नवरदेव उठला. आपण वाईट वाजवायचं, मुद्दाम बेसूर वाजवायचं, बीबीच्या माणसांनी कान झाकले पाहिजेत, असं निवृत्तीनं क्लॅरोनेट हातात घेतानाच ठरवलं होतं. देवळापासून मांडवापर्यंत तो तेवढ्याचसाठी धडपडला. तेही त्याला जमलं नाही.